ऑर्लिन हॅगस्टाडच्या तीन भट्ट्या

बंदुकीच्या गोळ्या यापुढे घरीच ओतायच्या, हा निर्णय घ्यायला ऑर्लिन हॅगस्टाडला फक्त दोन वर्षं लागली. ऑर्लिनच्या मानाने हा वेग भलताच होता. (घरातला टोस्टर निवडायला त्याला अकरा महिने लागले होते. तेवढ्यात दुकानदार निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेला.)

तसा माणूस सरळ. काउंटीच्या कचेरीत गाड्यांच्या नंबरपाट्या देण्याच्या खिडकीमागे तो छत्तीस वर्षं बसला आहे. त्या कामात वरची पाटी उचलायची आणि समोरच्याला द्यायची. दोन पाट्यांतून एक निवडा असं त्याला कुणी कधी सांगितलं नाही, म्हणून नोकरी टिकली.

गोळ्या ओतायचं कारण होतं त्याच्या आजोबांची बंदूक. तिला लागणारी जाड गोळी हल्ली दुकानात मिळत नाही. मिळालीच, तर दुकानदार गिऱ्हाइकाला आधी खुर्चीवर बसवतो आणि मग किंमत सांगतो. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्या दिवशी आजोबांच्या बंदुकीत आपण स्वतः ओतलेली गोळी घालून मचाणावर बसायचं, एवढीच ऑर्लिनची इच्छा होती. शिसं तर जमलंही होतं. टायरवाल्याकडची, चाकांचा तोल राखायला लावतात ती शिशाची जुनी वजनं गोळा करून करून गॅरेजमध्ये चार बादल्या भरल्या होत्या. आता फक्त ते वितळवायला विजेची भट्टी घ्यायची होती. ही भट्टी म्हणजे काही मोठं प्रकरण नाही, लहानशा पातेल्याएवढी वस्तू.

पण तिच्यात दोन जाती आहेत. एकीत शिसं वितळलं की ओगराळ्याने काढून साच्यात ओतायचं. दुसरीला बुडाशी तोटी असते, दांडी उचलली की शिसं खालून थेट साच्यात पडतं. बस. एवढ्यावरून आमच्या नॉर्डबी गावात अशी माणसं आहेत, की जी चर्चमध्ये एकाच बाकावर बसतात पण मधे टोपी ठेवतात.

ओगराळेवाल्यांचा म्होरक्या सिगर्ड टोलेफसन. सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा. त्याचं म्हणणं, "तोटी म्हणजे गळणार. देवाने माणसाला मनगट दिलंय ते कशाला?" तोटीवाल्यांचा पुढारी वेंडेल, म्हणजे ऑर्लिनच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो म्हणे, "ओगराळं वाढायला ठीक आहे. आपण काय पंगतीला बसलोय?"

आता गोम अशी, की ऑर्लिन तीस वर्षं ज्या मचाणावर बसतो ते सिगर्डच्या रानात आहे. आणि मारलेलं हरीण रानातून घरी आणायचं ते वेंडेलच्या ट्रकमधून, कारण ऑर्लिनच्या गाडीत हरीण सोडाच, उभी छत्री मावत नाही. ओगराळ्याची घ्यावी तर ट्रक जातो, तोटीची घ्यावी तर रान जातं. म्हणून मार्चपासून सप्टेंबरपर्यंत ऑर्लिनने माहितीपुस्तकं वाचली. रोज जेवताना तो बायकोला भट्ट्यांचे गुणदोष ऐकवायचा.

"कुठलीही घे," कॉनी म्हणायची. "फक्त ती गॅरेजात राहील. दार उघडं, पंखा चालू. आणि शिशाचे हात साबणाने धुतल्याशिवाय माझ्या पिठाला लागायचे नाहीत."

"अगं, पण दांडीची लांबी—"

"ऑर्लिन, मी लग्नसुद्धा चार दिवसांत ठरवलं."

हे खरं होतं. कॉनी न्यू जर्सीची. तिकडची माणसं मनात येईल ते बोलतात, आणि तेही मोठ्याने. आमच्याकडची रीत वेगळी आहे. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं, की मात्र नाही म्हणता येत नाही. मग "बरं, तुम्ही एवढं म्हणताच तर" असं म्हणून घ्यायचं. साधी कॉफी असो की शेत, नियम एकच. नवी नवरी कॉनी पहिल्यांदा सासरी आली, सासूने "केक घेतेस?" असं विचारलं, आणि ती एका दमात "हो!" म्हणाली. त्या एका "हो"ची गोष्ट सासूबाई मरेपर्यंत सांगत होत्या. पुढे घर वेगळं झाल्यावर कॉनी सकाळी एकदाच विचारायची, "कॉफी?" ऑर्लिन म्हणायचा, "नको, राहू दे." तीन आठवडे बिचाऱ्याने कॉफीविना कचेरी गाठली. शेवटी दोघांत करार झाला. बाहेरच्यांना तीनदा विचारायचं, घरच्याला एकदाच. कॉनीने तो चौतीस वर्षं पाळला आहे. ऑर्लिन अजून शिकतो आहे.

सप्टेंबरात एका रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना सिगर्ड त्याच्याजवळ आला. बराच वेळ कपात बघत राहिला.

"भट्टी घेतलीस म्हणे."

"नाही अजून. बघतोय."

"माझी पडून आहे. ओगराळ्याची. घेऊन जा."

"छे छे, तुम्हाला लागेल ती."

"मला कशाला लागते आता? ने."

"नको, सिगर्ड, उगीच कशाला."

सिगर्डने खिडकीबाहेर पाहिलं. एक ढग जाईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "ने रे."

तिसरी वेळ! ऑर्लिनच्या तोंडून आपोआप निघालं, "बरं, तुम्ही एवढं म्हणताच तर." शेजारी पाद्रीबाई इंगेबोर्ग केक कापत होत्या. त्यांनी मान हलवली. "जपून हं, ऑर्लिन. शिशाचा धूर डोक्यात जातो म्हणतात. माझ्या मावसभावाचं तसंच झालं. चांगला हिशोबी माणूस, एक दिवस उठून बासरी शिकायला लागला."

मंगळवारी ही बातमी वेंडेलच्या कानावर गेली, पण अर्धीच. ऑर्लिनला भट्टी हवी आहे एवढीच. तो संध्याकाळी ट्रक घेऊन दारात हजर. "अरे, घरचा माणूस असताना बाहेर कशाला बघतोस? माझी तोटीची घे."

ऑर्लिनने दोनदा नाही म्हटलं. तेही असं ठणकावून, की कुठल्याही समजूतदार माणसाने ट्रक वळवला असता. पण वेंडेलने तिसऱ्यांदा विचारलं, आणि रीत ती रीत.

अशा प्रकारे सात महिने एक भट्टी निवडता न आलेल्या माणसाच्या घरी तीन दिवसांत दोन भट्ट्या आल्या. सिगर्डची त्याने गॅरेजात ठेवली. वेंडेलची घरामागच्या अवजारांच्या खोपटात. एकाला दुसरीचा पत्ता लागू द्यायचा नाही, म्हणून दोन्हींवर गोधड्या घातल्या. आणि कुठली आधी पेटवावी याचा निर्णय होईना म्हणून एकही पेटवली नाही.

ऑक्टोबर उजाडला. सिगर्ड कचेरीच्या खिडकीपाशी येऊ लागला. त्याच्या ट्रॅक्टरला नंबरपाटी लागत नाही, तरी येऊ लागला.

"भट्टी बरी आहे ना?"

"हो हो, उत्तम!"

"हं. मोसम जवळ आला." थोडं थांबून, "माझ्या गोळ्या संपल्यात." आणखी थांबून, "पण असू दे."

ऑर्लिनला घाम फुटला. घरी येऊन कॉनीला म्हणाला, "सिगर्डला संशय आलाय. मी त्याची भट्टी वापरत नाही हे त्याला कळलंय."

तिकडे वेंडेलचा फोन. "काय रे, तोटी चालते ना? नाही, सहज विचारलं. आमच्या इकडे साचा नुसता पडून आहे. असो. शनिवारी येऊन बघू का?"

"ये की!" ऑर्लिन म्हणाला. म्हणायलाच हवं होतं. आणि शुक्रवारी सिगर्डने खिडकीतून विचारलं, "उद्या घरी आहेस?" त्यालाही "हो" म्हणायलाच हवं होतं.

शनिवारी सकाळी दहाला सिगर्ड आला. ऑर्लिनने गॅरेजचं दार उघडून, पंखा लावून ओगराळ्याची भट्टी आधीच चालू केली होती. मुद्दाम जरा वापरल्यासारखी दिसावी म्हणून तिच्यावर त्याने थोडी राखही भुरभुरली होती. सिगर्ड स्टुलावर बसला आणि बाळाला न्याहाळावं तसा भट्टीकडे पाहू लागला.

सव्वादहाला मागच्या गल्लीत वेंडेलचा ट्रक वाजला.

"एक मिनिट हं, सिगर्ड. मी जरा... कोबी बघून येतो."

खोपटापर्यंत वीज नव्हती. त्यासाठी ऑर्लिनने गॅरेजमधूनच एक लांब वायर ओढून नेली होती. त्याने खोपटातली भट्टीही चालू केली, वेंडेलला खोक्यावर बसवलं आणि धापा टाकत गॅरेजात परतला. पुढची वीस मिनिटं तो या दोन टोकांमध्ये धावत होता. सिगर्डपाशी ओगराळ्याची स्तुती, वेंडेलपाशी तोटीची. एकदा तर गडबडीत तो सिगर्डला म्हणाला, "गळत नाही हं अजिबात!" सिगर्डने हातातल्या ओगराळ्याकडे पाहिलं.

"कोबीला काय झालंय?" त्याने विचारलं.

"कीड."

"ऑक्टोबरात?"

"चिवट आहे."

तेवढ्यात दोन्ही भट्ट्या, पंखा, मांस साठवायचा मोठा फ्रीज आणि स्वयंपाकघरात कॉनीचं पीठ मळायचं यंत्र, या सगळ्यांचा भार घराच्या एकाच लाइनीला सोसेना. फट्! फ्यूज उडाला. पंखा थांबला. घरातून कॉनीची न्यू जर्सीची हाक ऐकू आली. आणि खोपटातून वेंडेल वायरीचा माग काढत काढत, वायर हातात गोळा करत, थेट गॅरेजात आला.

तिघे जण फ्यूजच्या डब्यासमोर उभे राहिले. वेंडेलने ओगराळ्याची भट्टी पाहिली. सिगर्डने वेंडेलच्या हातातली वायर पाहिली, मग उघड्या दारातून पलीकडचं खोपट पाहिलं, खोपटातली तोटी पाहिली. गॅरेजात एवढी शांतता होती, की वितळलेलं शिसं थिजल्याचंही ऐकू आलं असतं.

"हं," सिगर्ड म्हणाला. "हे जरा निराळंच आहे."

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण "हे जरा निराळंच आहे" याहून जहाल शिवी आमच्याकडे नाही. सिगर्ड ही शिवी याआधी एकदाच बोलला होता. त्याच्या भावाने लाल रंगाचं घर बांधलं तेव्हा. त्या भावाशी तो एकोणीस वर्षं बोलला नाही.

"असो," वेंडेल म्हणाला. "बरं आहे तर." हेही काही कमी नव्हतं.

रान गेलं. ट्रक गेला. तीस वर्षांची जागा एका फ्यूजपायी गेली. ऑर्लिनला खरोखरच रडू यायच्या बेतात होतं. त्याने मान खाली घालून राख फुंकली, आणि ती सिगर्डच्या कोटावर उडाली.

कोपरापर्यंत पीठ माखलेली कॉनी दारात आली. तिने एक भट्टी पाहिली, एक वायर पाहिली, तीन पडलेले चेहरे पाहिले. चौतीस वर्षांत तिने आमची भाषा बोलायची नाकारली असेल, पण ऐकायला ती पक्की शिकली आहे.

"सिगर्ड, तुम्हाला तुमची भट्टी परत हवीय का?"

"छे छे!" सिगर्ड दचकून म्हणाला. "दिली ती दिली."

"वेंडेल, तुला?"

"नाही गं! कायतरीच काय!"

"हवीय का?"

"नको, नको, त्याला लागेल," सिगर्ड म्हणाला.

"राहू दे, खरंच," वेंडेल म्हणाला.

कॉनीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "तिसऱ्यांदा विचारते. हवीय का?"

दोघांनी एकाच वेळी सुस्कारा सोडला. "बरं," सिगर्ड म्हणाला, "तू एवढं म्हणतेसच तर."

"म्हणजे... तुम्हाला हव्याच होत्या?" ऑर्लिनने विचारलं. "मग दिल्यात कशाला?"

"देऊ तर करावी लागते माणसाने," वेंडेल म्हणाला. "तू नाही म्हणशील असं वाटलं होतं."

"दोनदा म्हटलं की!"

"तिसऱ्यांदा म्हणायचंस," सिगर्ड म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदा वेंडेलने त्याच्या म्हणण्याला मान डोलावली.

भट्ट्या निवेपर्यंत दोघांनी कॉफी घेतली (तिसऱ्यांदा विचारल्यावर). जाताना सिगर्डने भट्टी गोधडीसकट उचलली आणि ऑर्लिनला म्हणाला, "पहिल्या शनिवारी. पहाटे पाचला. मचाण तुझंच आहे." वेंडेल म्हणाला, "ट्रक आहेच." ऑर्लिनचा जीव भांड्यात पडला. फक्त आता मोसमाला दोन आठवडे उरले होते, चार बादल्या शिसं होतं, आणि भट्टी एकही नव्हती.

रात्रीच्या भांड्यांवर फडकं फिरवताना कॉनी म्हणाली, "मी मार्चमध्येच तुझ्यासाठी एक भट्टी आणून ठेवलीय. तळघरात, बटाट्यांच्या मागे. तू इतक्या आनंदाने पुस्तकं वाचत होतास, म्हटलं कशाला मजा घालवा. हवीय का?"

"अगं, कशाला उगीच," ऑर्लिनच्या तोंडून निघालं. "राहू दे."

हे शब्द बाहेर पडताना त्याने स्वतःच ऐकले. पण आता परत कसे घेणार? त्यालाही रीत होती.

"बरं," कॉनी म्हणाली आणि ओटा पुसायला लागली.

ऑर्लिन दुसऱ्या वेळेची वाट पाहत राहिला. रविवार गेला. सोमवारी तो न राहवून म्हणाला, "आज बटाटे मी आणू का तळघरातून?" कॉनी म्हणाली, "आण की." बुधवारी त्याने विषय काढला, "तळघरात किती सामान झालंय, नाही?"

"अगदी माझ्या मनातलं बोललास," कॉनी म्हणाली.

शनिवारी चर्चच्या तळघरात जुन्या सामानाची विक्री होती. ऑर्लिन जिना उतरून आला, तर कॉनी टेबलामागे उभी, आणि टेबलावर, कुणाच्या तरी बिडाच्या तव्याशेजारी, कोरी करकरीत भट्टी. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. टेबलासमोर सिगर्ड आणि वेंडेल उभे होते.

"तू घे," सिगर्ड म्हणत होता.

"छे, तुम्ही मोठे. तुम्ही घ्या."

"माझ्याकडे आहे एक. घे तू."

"नाही नाही, तुम्हीच."

ऑर्लिन जिन्याशीच थबकला. त्याने दोन्ही बाजूंचे नकार मोजले. प्रत्येकी दोन झाले होते. आता कुणीही तोंड उघडलं की भट्टी गेली! सिगर्डने खोल श्वास घेतला.

तेवढ्यात कॉनीने नवऱ्याकडे पाहिलं. "ऑर्लिन, हवीय?"

"हो!" ऑर्लिन ओरडला. "हवी! मला हवी!"

सगळं तळघर त्याच्याकडे वळलं. कॉफी ढवळणारे चमचे थांबले. एका म्हातारीने नातवाचे कान झाकले. पहिल्याच वेळेला! आणि तेही दोन माणसं ताटकळत उभी असताना! ऑर्लिनने खोकं छातीशी धरलं होतं, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या बिटाच्या रंगाच्या झाल्या होत्या.

"बिचारा," इंगेबोर्गबाई हळूच म्हणाल्या. हळूच, म्हणजे चौथ्या टेबलापर्यंत जाईल एवढंच. "किती सभ्य माणूस होता. शिसंच ते. गेलं शेवटी डोक्यात."

सिगर्ड रागावला नाही. ऑर्लिनला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. सिगर्डने जवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जन्मात पहिल्यांदाच, आणि खूप मायेने म्हणाला, "ऑर्लिन, यंदा तू जरा आराम कर. बंदूक घरीच राहू दे. मचाणावर वेंडेल बसेल. चालेल ना?"

"छे छे, सिगर्ड, मी अगदी बरा आहे. अजून एक गोळीसुद्धा ओतली नाहीये हो मी!"

"आराम कर."

"नाही, खरंच, त्याची काही गरज नाही."

सिगर्डने जिन्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग तिसऱ्यांदा म्हणाला, "कर रे आराम."

अख्खं तळघर ऑर्लिनकडे बघत होतं. कॉनीसुद्धा.

"बरं," ऑर्लिन म्हणाला, "तुम्ही एवढं म्हणताच तर."

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी पहाटे पाचला सिगर्डच्या रानात वेंडेल मचाणावर चढला. सिगर्ड पलीकडच्या झाडापाशी बसला. ऑर्लिन खाली ओंडक्यावर थर्मास घेऊन बसला होता. त्या मोसमात त्याने काही ओतलं असेल, तर ती कॉफी. आणि तीही दोघांनी दोनदा नको म्हटल्यावर.